आऱ्या

पावसाचं कौतुक संपून तीन आठवडे झाले.
वडाळ्याच्या आमच्या वसाहतीत
आता कुणाचेच टॉवेल वाळत नाहीत.
दुर्बिणीच्या काचेवर बुरशी धरली, म्हणून
आबा नुसत्या डोळ्यांनी बघतात:
मोतीबिंदू काढलेला एक, राहिलेला एक.

समोरच्या रेन ट्रीच्या बेचक्यात शिक्र्याचं घरटं.
काटक्या, आणि कुठल्याशा संक्रांतीचा मांजा.
पिल्लं तीन. छातीवर तपकिरी थेंब ओघळलेले,
अंड्यातूनच भिजून आल्यासारखी.

सोमवारी थोरलं फांदीवर आलं.
चालत आलं. पंख अर्धे उघडे धरून,
दोन्ही हातांत पिशव्या असलेल्या माणसासारखं.
टोकापर्यंत गेलं, मग वळता येईना.
तासभर तिथंच, शेपटीवरून पाणी गळत.

आबा म्हणाले, "वारा नैर्ऋत्येचा आहे.
आज बूम उघडायची नसते."

बत्तीस वर्षं त्यांनी गोदीत क्रेन चालवली.
वर काचेच्या खोक्यात ते,
खाली धक्क्यावर जैतू टिंडेल.
जैतू ओरडे, हबेस! म्हणजे उचल.
आऱ्या! म्हणजे सोड, हळू सोड.
ओरडणं वर पोचायचंच नाही.
पोचायची ती त्याची दोन बोटं,
आणि पावसात तीही पुसट.

बुधवारी मादी सरडा घेऊन आली
आणि घरट्यात उतरलीच नाही.
गच्चीवरच्या टाकीवर बसली,
सरडा पायाखाली, शेपूट अजून वळवळणारं.
हाक नाही, काही नाही. नुसतं दाखवत राहिली.
पिल्लं ओरडून ओरडून घसा फोडत होती.
एक सर आली, गेली. दुसरी आली.
मला रागच आला तिचा.
म्हटलं, निदान एवढ्या पावसात तरी...
"मग कुठल्या पावसात?" आबा म्हणाले.

थोरलं सुटलं.
उडलं असं म्हणवत नाही.
वरून कुणी ओलं पायपुसणं झटकावं तसं,
आणि अर्ध्या वाटेत त्याला पंख आठवले.
टाकी चुकली. दुसऱ्या मजल्यावर
सुर्वेबाईंच्या दोरीवरच्या परकरात
नख्या रुतवून उलटं लोंबलं.
"अगं बाई, मेलं काय हे!" करत
सुर्वेबाई लाटणं घेऊन धावल्या
आणि तेच लाटणं उगारून
अर्धा तास कावळे हाकलत उभ्या राहिल्या.
तव्यावरच्या पोळीचा वास आमच्याकडे आला.

मधलं गुरुवारी गेलं. कधी, ते कुणी पाहिलं नाही.
दुपारी बघतो तर टाकीवर बसलेलं,
सरड्याचं डोकं गिळताना.

उरलं शेंडेफळ.
दोन दिवस ते घरट्याच्या काठाशी,
आणि आई रोज थोडी लांब बसणारी.
शनिवारी पाऊस असा की टाकीच दिसेना.
मी म्हटलं, आज नाही जायचं ते, चहा घ्या.
आबांनी कप घेतला नाही.
उजवा हात गेल्या दिवाळीपासून त्यांचं ऐकत नाही,
डावा त्यांनी काचेशी नेला,
दोन बोटं खाली वळवली,
आणि हलवू लागले. सावकाश.
ओठ हलले: आऱ्या.
आवाज काढला नाही. मी शेजारी होते,
मलाही ऐकू आलं नाही.

ही खालच्या माणसाची खूण.
बत्तीस वर्षं त्यांनी ती फक्त वरून पाहिलेली.

पिल्लानं पंख उघडले, मिटले, पुन्हा उघडले.
मग फांदी वर उसळली,
ओझं उतरल्यावर उसळते तशी,
आणि ते पानांच्या मागे,
पावसाच्या मागे, कुठंतरी खाली.

कावळे एकदम ओरडले आणि गप्प झाले.
टाकीच्या बाजूनं एक बारीक शीळ आली, किंवा
कुणाच्या तरी कुकरची असेल.

माल टेकला की मूठ मिटायची,
असा गोदीतला नियम.

चहावर साय धरली.
काचेवर त्यांच्या श्वासाचं वर्तुळ,
आणि त्यात दोन बोटं, अजून उघडी.